भंगारातल्या सुट्या भागांपासून उन्हाळ्यासाठी साधी अ‍ॅनालॉग सर्किटं (सोलापूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून; फोरमवरची चर्चा, प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तापमापी

एप्रिल लागला की आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, हे काही नवीन नाही. पण सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे रात्री तोच पारा पंचविशीच्या आसपास उतरतो. दिवसा-रात्रीत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तरीही पत्र्याच्या खोलीत रात्री अकराला माणूस घामाने निथळतो आणि दाराबाहेर मस्त वारं सुटलेलं असतं. बाहेरची ही फुकटची गार हवा वेळेवर आत घेतली, तर अर्धं काम होतं. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागत नाही, प्रोग्राम लागत नाही. मेलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), जुन्या स्प्लिट एसीचे सेन्सर आणि आठ पायांची एक आयसी एवढ्यात भागतं.

इंटरनेटवर जी सर्किटं दिसतात त्यांत बहुतेक वेळा ‘तापमान ३५ च्या वर गेलं की पंखा चालू’ असा हिशेब असतो. आपल्या गावात तो चुकीचा ठरतो. दुपारी तीनला बाहेर ४२ असताना असा पंखा इमानेइतबारे बाहेरची झळ घरात ओढत बसेल. खरा प्रश्न आत किती तापलंय हा नाही, आत आणि बाहेर यांत गार कुठे आहे हा आहे. म्हणून सेन्सर दोन हवेत, आणि सर्किटने फक्त त्यांची तुलना करायची.

जोडणी सांगतो. १० के चे (के म्हणजे हजार ओहम) दोन एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापले की रेझिस्टन्स कमी होणारे सेन्सर, घ्या (२५ अंशांला १० के, ३० ला साधारण ८ के, ३५ ला साडेसहा, ४० ला ५.३). प्रत्येकाचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं टोक १० के रेझिस्टरमधून ग्राउंडला. आतल्या थर्मिस्टरचा मधला बिंदू एलएम ३९३ या तुलना करणाऱ्या आयसीच्या पाय ३ ला, बाहेरच्याचा पाय २ ला. पाय ४ ग्राउंड, पाय ८ ला १२ व्होल्ट. पाय १ हे आउटपुट, त्यावरून २.२ के चा पुलअप (आउटपुट वर ओढणारा रेझिस्टर) १२ व्होल्टला, आणि ४७० के चा रेझिस्टर परत पाय ३ ला. आत जास्त गरम झालं की पाय ३ चा व्होल्टेज वर जातो, आउटपुट वर जातं, आणि १० के मधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस उघडून रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो आणि पंखा सुरू होतो. रिलेच्या कॉइलवर १ एन ४००७ डायोड उलटा लावायचा, तो विसरायचा नाही.

५ आणि १२ दोन्ही व्होल्टेज एटीएक्स (कॉम्प्युटरच्या) एसएमपीएसमधून आयते मिळतात: लाल ५, पिवळी १२, काळी ग्राउंड, आणि चालू करायला हिरवी तार काळीला जोडायची. एक चालू एसएमपीएस सप्लायसाठी आणि एक मेलेला सुट्या भागांसाठी, असे दोन उचला. जुन्या एटीएक्समध्ये टीएल ४९४ किंवा केए ७५०० या कंट्रोल आयसीच्या शेजारी एलएम ३९३ किंवा ३३९ हमखास सापडतो.

मेलेला एसएमपीएस उघडण्याआधी एवढं वाचा. आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. २.२ के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून प्रत्येक कपॅसिटर रिकामा करा, मल्टिमीटरने शून्य बघा, मगच हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

सोल्डर_गन

छान लिहिलंय. थर्मिस्टरबद्दल नवीन मुलांसाठी एक भर घालतो. एसएमपीएसच्या इनपुटजवळ जी काळी किंवा हिरवट गोल चकती असते, ‘५डी-९’ असलं काहीतरी छापलेली, तीसुद्धा एनटीसीच असते. पण ती चालू करतानाचा करंटचा झटका दाबायला असते, गार असताना तिचा रेझिस्टन्स पाच-दहा ओहमच असतो. ती इथे चालणार नाही. हीटसिंकला चिकटवलेला मण्याएवढा थर्मिस्टर असेल तर तो बघा. सगळ्यात उत्तम स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधले. लांब तारेसकट आणि ओलाव्यापासून बंद केलेले मिळतात. फक्त एकाच एसीतले दोन सेन्सर सारखे असतील असं धरून चालू नका, एक ५ के आणि एक १० के असंही निघतं.

जोडी जमवायची पद्धत अशी: दोन्ही सेन्सर एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत एकमेकांना टेकवून बांधा आणि पाण्याने भरलेल्या तांब्यात सोडा. पाच मिनिटं थांबून दोघांचा रेझिस्टन्स लिहून घ्या. मग कोमट पाणी घालून पुन्हा. दोन्ही वेळा आकडे शंभर-दीडशे ओहमच्या आत जुळले की जोडी पक्की. ३५ अंशांच्या आसपास एका अंशाला साधारण २७० ओहमचा फरक पडतो, म्हणजे ही चूक अर्ध्या अंशाचीच राहते.

बाळीवेस

दादा, थर्मिस्टरला ५ व्होल्टच का? माझ्याकडं १२ चा अ‍ॅडॉप्टर पडून हाय, सगळंच १२ वर चालवलं तर?

तापमापी

चालेल, पण एक अडचण आहे. १२ व्होल्टवर थर्मिस्टरमध्ये साधारण साडेतीन मिलिवॅट उष्णता तयार होते. लहान मण्याचा थर्मिस्टर तेवढ्यानेच दीड-दोन अंश स्वतः गरम होतो. दोन्ही सारखेच तापले तर हरकत नव्हती, पण बाहेरच्यावर वारं लागतं आणि आतला स्थिर हवेत असतो. मग आतला उगाच जास्त गरम वाचतो. ५ व्होल्टवर हीच उष्णता अर्ध्या मिलिवॅटच्या थोडी वर राहते, फरक नगण्य होतो. अ‍ॅडॉप्टर १२ चाच असेल तर मध्ये एक ७८०५ (५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) टाका. तीसुद्धा कुठल्याही जुन्या बोर्डावर मिळेल.

चाटी_गल्ली

नमस्कार. सर्किट झिरो पीसीबीवर जोडलंय, पण आत-बाहेरचं तापमान जवळ आलं की रिले टकटक करायलाय. एकदा सुरू झालं की थांबतच नाही. ४७० के लावलाय. ३९३ खराब असेल का? मेलेल्या एसएमपीएसमधून काढलेली हाय.

सोल्डर_गन

आयसी खराब असण्याची शक्यता कमी. पाय १ वर रिले ओढलेला असताना किती व्होल्ट दिसतात? आणि बीसी ५४७ चा बेस पाय १ ला थेट लावलाय की मध्ये रेझिस्टर आहे?

चाटी_गल्ली

०.७ दाखवतंय. बेस थेटच जोडलाय, पुलअप हायच की म्हणून.

सोल्डर_गन

मग तिथेच गोम आहे. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड ०.७ व्होल्टच्या वर जाऊच देत नाही. त्यामुळे आउटपुट शून्य ते ०.७ एवढंच हलतंय. ४७० के मधून पाय ३ ला जो धक्का परत मिळायला हवा, तो या हालचालीवर अवलंबून असतो. ०.७ व्होल्टच्या हालचालीने जेमतेम सहा मिलिव्होल्टचा धक्का मिळतो, तापमानात मोजलं तर अंशाचा आठवा भाग. वाऱ्याची एक झुळूक तेवढा फरक पाडते.

बेसला १० के मधून जोडा. मग आउटपुट दहा व्होल्टपर्यंत उठेल, धक्का ८० मिलिव्होल्टच्या पुढे जाईल. ५ व्होल्टच्या ब्रिजवर (थर्मिस्टर-रेझिस्टरच्या दोन जोड्यांवर) एका अंशाला साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे चालू आणि बंद होण्यात दीड-पावणेदोन अंशांचं अंतर पडेल. रिले शांत होईल.

आणि तुम्ही १२ व्होल्टचेच पंखे चालवणार असाल तर रिले काढूनच टाका. मेलेल्या यूपीएसमध्ये इन्व्हर्टरचे एन-चॅनेल मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) असतात, त्यांतला एखादा चांगला निघतोच. गेट थेट पाय १ ला जोडा. गेट करंट खात नाही, त्यामुळे आउटपुट पूर्ण १२ पर्यंत जातं. पंख्याला उलटा डायोड मात्र ठेवा.

चाटी_गल्ली

१० के लावला. टकटक बंद! रिले आता एकदाच ‘टक’ करून बसतो. सहा मिलिव्होल्टचा हिशेब कागदावर मांडून बघितला, तवा डोक्यात शिरलं. लई आभारी हाय सर.

कडक_भाकरी

एवढा खटाटोप कशाला? तयार थर्मोस्टॅट मॉड्यूल स्वस्तात मिळतं, आकडासुद्धा दाखवतं. दोन तारा जोडल्या की झालं.

तापमापी

मॉड्यूल चांगलं असतं, दुकानातल्या फ्रीझरला किंवा अंडी उबवायच्या पेटीला मीही तेच सुचवतो. पण त्याला सेन्सर एकच. बाहेर किती आहे हे त्याला कळत नाही, आणि आपलं सगळं काम त्या फरकावर आहे. दुसरं म्हणजे वर चाटी गल्लीवाल्यांचा दोष एका मल्टिमीटरच्या एका रीडिंगवर सापडला. प्रत्येक बिंदूवर किती व्होल्ट हवेत हे माहीत असतं, म्हणून दुरुस्ती घरी होते. आपल्या भागातली मुलं असं एक सर्किट स्वतः उभं करतील तर त्यांना यंत्रमागाच्या शेडमधला कंट्रोल पॅनेलही परका वाटणार नाही. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं.

माळवद

आमचं घर जुनं, माळवदाचं. मातीच्या जाड छतामुळे दुपारी आत बाहेरपेक्षा बरंच गार असतं. वरच्या मजल्यावर मात्र पत्रा टाकलेली खोली आहे. दोन्हीकडे हेच सर्किट लावू का?

तापमापी

दोन्हीकडे लावा, वागणूक मात्र वेगळी दिसेल. माळवदाखाली दिवसभर पंखा बंदच राहील, कारण आत गार. संध्याकाळी बाहेरचं तापमान आतल्याच्या खाली उतरलं की तो सुरू होईल आणि रात्रभर भिंती व छत गार करेल. त्या गार भिंतीच दुसऱ्या दिवशी दुपारी कामी येतात. माळवदाच्या घरात या सर्किटचा सगळ्यात जास्त फायदा आहे.

पत्र्याखाली दुपारीसुद्धा आत बाहेरपेक्षा गरम असतं, त्यामुळे पंखा दिवसाही चालेल. ते बरोबरच आहे. पत्र्याखाली साठलेली झळ बाहेर जायलाच हवी. पण पत्र्याची खोली नुसत्या पंख्याने बाहेरच्यापेक्षा गार होणार नाही. आधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, भिंतीपासून चार बोटं सुटा. पत्र्याजवळ किंवा पश्चिमेला लावलात तर त्याच्यावर ऊन नाही तर तापलेल्या भिंतीची धग येते, आणि बाहेर गार पडलं तरी पंखा तासन् तास सुरूच होत नाही. बहुतेकांचं सर्किट इथेच फसतं. पंखा वर, छताजवळ, हवा बाहेर फेकणारा. आणि हवा आत यायला खाली, समोरच्या बाजूला खिडकी उघडी. वाट दिली नाही तर पंखा नुसता फिरत राहील.

जुळे_सोलापूर_ताई

कॉम्प्युटरचे छोटे पंखे पुरतील का खोलीला?

तापमापी

ताई, १२० मिलिमीटरचा एक पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला साधारण ६० ते ८० घनफूट हवा हलवतो. १० बाय १२ ची, ९ फूट उंच खोली म्हणजे १,०८० घनफूट. एका पंख्याने सगळी हवा बदलायला पंधरा मिनिटं तरी जातील, जाळी असेल तर आणखी. दोन-तीन पंखे एका फळीवर बसवले तर झोपायच्या खोलीला पुरतात, आवाजही कमी. मोठ्या खोलीला २३० व्होल्टचा एक्झॉस्टच हवा, आणि मग रिले. रिले जुन्या स्टॅबिलायझरमधला घ्या, त्याचे कॉन्टॅक्ट दणकट असतात. २३० व्होल्टची बाजू बंद डब्यात, वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका.

जुळे_सोलापूर_ताई

समजलं. आता माझी खरी अडचण. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे कूलरची टाकी कधी रिकामी झाली ते लक्षात येत नाही. पंप कोरडा चालून मागच्या उन्हाळ्यात जळाला. भंगारातून काही करता येईल?

सोल्डर_गन

नक्की येईल, आणि हे वरच्यापेक्षाही सोपं आहे. टाकीच्या तळापासून दोन इंचांवर दोन कांड्या बसवायच्या. एक १०० के मधून १२ व्होल्टला, दुसरी डार्लिंग्टन जोडीच्या बेसला, म्हणजे दोन बीसी ५४७ एकामागे एक. पाणी असेपर्यंत करंट जातो, रिले ओढलेला राहतो, पंप चालतो. पाणी खाली गेलं की रिले सुटतो, पंप बंद. तार तुटली तरी पंप बंदच होतो, धोक्याच्या बाजूला जात नाही. पाणी हिंदकळून रिले थरथरू नये म्हणून बेसपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

कांड्या तांब्याच्या घेऊ नका. डीसीमुळे पॉझिटिव्ह कांडी खाल्ली जाते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तर फार लवकर. जुन्या झिंक-कार्बन सेलमधली कार्बनची कांडी काढा, ती खाल्ली जात नाही. अल्कलाइन सेलमध्ये ही कांडी नसते, ते फोडू नका. महिन्याभराने कांडीवर पांढरा थर धरतो, तो लिंबाने पुसा.

आणि ताई, हे सर्किट वेगळ्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा चांगल्या अ‍ॅडॉप्टरच्या १२ व्होल्टवरच. लोखंडी कूलरचं अर्थिंग तपासा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसं जातात, यात हयगय नको.

रत्नागिरीकर

आमच्याकडे कूलर चालतच नाही. सोलापुरात एवढा कसा चालतो?

सायन्स_मास्तर

सगळा खेळ हवेतल्या ओलाव्याचा. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या बल्बचं तापमान (ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते) सुमारे २४ येतं. कूलर त्याच्या खाली जाऊ शकत नाही, पण मधल्या अठरा अंशांपैकी सत्तर टक्के जरी उतरवले तरी बाहेर पडणारी हवा ३० च्या आत येते. तुमच्याकडे ३३ तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरा. ओला बल्बच २८ च्या पुढे. उतरवायला पाचसुद्धा अंश उरत नाहीत. आमच्याकडेही जुलैत कूलर असाच निरुपयोगी होतो.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता शोषली जाते. त्यामुळे पाणी जपून वापरायचं असेल तरी पॅड कोरडं पडू देऊ नका.

बाळीवेस

मास्तर, पाणी वाचवायला पंप थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा ५५५ टायमर आयसीवर केला तर?

सायन्स_मास्तर

चांगली कल्पना. पाय ७ आणि १२ व्होल्टमध्ये ४७० के, पाय ७ आणि ६ मध्ये १०० के, आणि पाय ६ व ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आउटपुट तीन मिनिटं वर आणि अर्धा मिनिट खाली राहतं. रिले १२ व्होल्ट आणि पाय ३ यांच्यामध्ये जोडा, म्हणजे खाली असताना पंप चालेल. वेळ पॅडवर अवलंबून आहे. वाळ्याचं पॅड जास्त वेळ ओलं राहतं.

फक्त कपॅसिटर भंगारातला नको, नवा आणि चांगल्या प्रतीचा घ्या. शेवटच्या टप्प्यात इथे चार्जिंगचा करंट सात मायक्रोअँपिअर उरतो. जुना इलेक्ट्रोलिटिक तेवढा करंट स्वतःच गळू देतो, आणि मग व्होल्टेज दोन-तृतीयांशपर्यंत पोहोचतच नाही. टायमर अडकून बसतो आणि माणूस आयसी बदलत राहतो.

कडक_भाकरी

माझा मुलगा पेल्टियरचा एसी करायचा म्हणतोय. जुन्या वॉटर डिस्पेन्सरमधून एक चकती मिळाली आहे.

तापमापी

करू द्या, पण खोलीसाठी नाही. १२ व्होल्टला पाच-सहा अँपिअर खाणारी ही चकती एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला नेते आणि स्वतः खाल्लेली वीजही त्याच गरम बाजूला ओतते. दोन्ही बाजू खोलीतच असतील तर खोली एकूण गरमच होते. थर्माकोलच्या डब्यात औषधं किंवा पाण्याच्या दोन बाटल्या गार ठेवायला ती बरी आहे. गरम बाजूला प्रोसेसरचा मोठा हीटसिंक आणि पंखा लावल्याशिवाय एक मिनिटही चालू करायला देऊ नका. आणि फ्रिजच्या गॅसच्या नळ्या किंवा मायक्रोवेव्ह यांना मुलाने हात लावायचा नाही, हे आधीच बजावा. मायक्रोवेव्हमध्ये २,००० व्होल्टच्या वरचा कपॅसिटर असतो.

माळवद

एका मित्राने टीएल ४३१ वर तीन भागांत थर्मोस्टॅट करून दाखवला. एसएमपीएसमध्ये ही आयसी असतेच. ती का नाही सुचवली?

सोल्डर_गन

टीएल ४३१ मलाही आवडते. रेफरन्स पायावर अडीच व्होल्ट झाले की ती उघडते. वर थर्मिस्टर, खाली १.७ के, आणि १०० मिलिअँपिअरच्या आतला पंखा थेट कॅथोडला. पण तिचे अडीच व्होल्ट पक्के असतात, आणि थर्मिस्टरचा बिंदू सप्लायबरोबर हलतो. १२ व्होल्टला ३५ अंशांवर सेट केलेलं सर्किट बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टला साडेतीस अंशांवरच चालू होतं, आणि बॅटरी ११ वर उतरली की ३८ च्या जवळ. ३९३ च्या ब्रिजमध्ये दोन्ही बाजू एकत्र वर-खाली होतात, म्हणून तिथे हा दोष येत नाही. शिवाय तुलना दोन ठिकाणांची करायची आहे, ती टीएल ४३१ करत नाही.

चाटी_गल्ली

शेवटचं विचारतो. लाइट गेल्यावर यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीवर किती वेळ निघेल? आणि बाहेरच्या सेन्सरची तार पंचवीस फूट न्यायची हाय, चालंल का?

तापमापी

पाव अँपिअरचे दोन पंखे म्हणजे अर्धा अँपिअर. बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे साडेतीन एएच, सात तास. ही चांगल्या बॅटरीची गोष्ट. भंगारातल्या यूपीएसची बॅटरी बहुधा थकलेली असते, त्यामुळे आधी एका पंख्यावर रात्रभर लावून व्होल्टेज बघा. साडेअकराच्या खाली लवकर उतरली तर ती परत भंगारात द्या. रिलेऐवजी मॉसफेट वापरलात तर कॉइलचे तीस मिलिअँपिअरही वाचतात.

पंचवीस फूट तार चालते. जुन्या लॅन केबलमधली पिळाची एक जोडी काढा, २३० व्होल्टच्या वायरपासून वीतभर लांब न्या, आणि पाय २ व ३ पासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या अगदी जवळ लावा. तारेचा रेझिस्टन्स दीड-दोन ओहम असतो, साडेसहा हजारांपुढे त्याचा हिशेब धरायची गरज नाही. सेन्सरचा जोड मात्र श्रिंक ट्यूबमध्ये बंद करा. जूनच्या पहिल्या पावसात उघडा जोड ओला झाला की रेझिस्टन्स घसरतो, बाहेर फार गरम आहे असं सर्किटला वाटतं आणि पंखा चालूच होत नाही.